आग्वादची जुनी बत्ती एवढी बुटकी का आहे?

मांडवीकाठ
पणजीत जन्म गेला, मिरामारच्या वाळूवर लहानाची मोठी झाले, समोर पाण्यापलीकडे आग्वाद कायम दिसत आलंय, आणि तरी गेल्या रविवारी भाचीने एक साधा प्रश्न विचारला त्याचं उत्तर मला देता आलं नाही. आम्ही वरच्या किल्ल्यात उभ्या होतो, ती त्या पांढऱ्या गोल मनोऱ्याकडे बघून म्हणाली, मावशी, लाइटहाउस तर उंच असतं ना, चित्रात तसंच असतं, मग हे एवढंसं का बांधलं? आजूबाजूला सगळे त्याच मनोऱ्यासमोर फोटो काढत होते आणि मी पण आजवर तेच करत आले होते. डोक्यात बसलाच तो प्रश्न.

मला जे माहितीये ते आधी लिहिते. किल्ला १६०९ ते १६१२ मधला, व्हाइसरॉय रुय लोरेन्सो द ताव्होरा याच्या काळातला, आणि तो मुख्यतः डचांच्या भीतीने बांधला. नाव आग्वाद पडलं ते पाण्यावरून, पोर्तुगीजमध्ये आग्वा म्हणजे पाणी. लांबून आलेली जहाजं इथे गोडं पाणी भरून घ्यायची, वरच्या किल्ल्याच्या मध्यावर जमिनीत जी प्रचंड टाकी आहे तिच्यात २३ लाख ७६ हजार गॅलन पाणी मावायचं म्हणतात. आपण ज्या फरसबंदीवरून फिरतो ती त्या टाकीचीच पाठ आहे हे कितीजणांच्या लक्षात येतं कोण जाणे. बत्ती मात्र किल्ल्यापेक्षा अडीचशे वर्षांनी लहान. १८६४ साली बांधली, चार मजली, उंची फक्त १३ मीटर, आणि १९७६ मध्ये शेजारी नवीन काँक्रीटची झाली तेव्हा ही बंद केली. म्हणजे ११२ वर्षं ती चालली.

आता प्रश्न असे. एवढी बुटकी का. १८६४ मध्येच का, त्याआधी अडीचशे वर्षं जहाजं काय अंधारातच येत होती का. आणि ज्यांच्या घरात कुणी बार्जवर, बोटीवर, बंदरात होतं त्यांनी प्लीज लिहा, कारण किल्ल्यावर भरपूर लिहिलं जातं आणि बत्तीला त्यात एक ओळ मिळते.

तिसवाडीकर
छान विषय. आमचे सर सांगायचे की ही आशियातली सगळ्यात जुनी बत्ती आहे, त्या दृष्टीने पण तिचं महत्त्व मोठं आहे.

जुनीपाने
तिसवाडीकर, हे वाक्य मीही शंभर ठिकाणी वाचलंय पण ते बरोबर नाही. आपल्याच देशात ओडिशातली फॉल्स पॉइंटची बत्ती १८३८ ची आहे, चेन्नईत हायकोर्टाच्या आवारात जो दगडी खांब उभा आहे तो पण बत्तीच होता, १८४४ चा, आणि सिंगापूरच्या तोंडाशी हॉर्सबर्ग लाइटहाउस १८५१ पासून आहे. आग्वादला मोठं व्हायला हा मान लागत नाही असं माझं मत.

मला तर तिची खरी जोडी मकावमध्ये दिसते. तिथे गिया नावाची टेकडी आहे, तिच्यावर पोर्तुगीज किल्ला, तोही डचांच्याच धास्तीने बांधलेला, १६२२ मध्ये डचांनी मकाववर हल्ला केला आणि तो फसला, त्यानंतरचा. आणि त्या किल्ल्यात बत्ती पेटली १८६५ साली, आपल्या आग्वादच्या पुढच्याच वर्षी. तीही टेकडीच्या माथ्यावर, तीही पांढरी, गोल, बुटकी. १८७४ च्या वादळात तिचं एवढं नुकसान झालं की ती परत चालू व्हायला १९१० उजाडलं. २००५ मध्ये मकावच्या जुन्या शहराबरोबर ती जागतिक वारशात गेली. सांगायचा मुद्दा हा की १८६० च्या दशकात पोर्तुगीज आपल्या जुन्या किल्ल्यांवर नवीन दिवे बसवत होते, आणि जुनीच जागा वापरत होते, कारण जी जागा तोफेला चांगली ती दिव्यालाही चांगली, दोघांनाही समुद्र लांबवर दिसायला हवा.

१८६४ च का याचंही थोडं उत्तर यात आहे. १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला आली, म्हणजे मांडवीचं तोंड हाच राजधानीचा दरवाजा झाला, आणि तो वाफेच्या बोटींचा काळ. शिडाच्या जहाजाला वारा धरून थांबावं लागतं, रात्री ते बाहेर नांगर टाकून सकाळची वाट बघू शकतं. आगबोटीला वेळापत्रक असतं, ती रात्रीही येणार.

तिसवाडीकर
धन्यवाद जुनीपाने, मी इतकी वर्षं ते खरं धरून होतो. मकावचं माहितीच नव्हतं.

दर्यावर्दी
मी मर्चंट नेव्हीत ३१ वर्षं काढली, आता पर्वरीत असतो. मांडवीकाठ ताई, तुमच्या भाचीचा प्रश्न मला फार आवडला कारण बत्ती नेमकी कशी काम करते तिथेच तो जाऊन पोचतो. ती बुटकी नाहीये. तिला उंची डोंगराने दिलीये.

जहाजावरच्या माणसाला मनोरा किती मीटरचा आहे याच्याशी घेणं नसतं, त्याला दिवा समुद्रसपाटीपासून किती वर आहे याच्याशी असतं. पृथ्वी गोल असल्याने दिवा किती लांबून दिसेल याचं एक साधं गणित आम्हाला शिकवतात. दिव्याच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढायचं, आपल्या डोळ्याच्या उंचीचं वर्गमूळ काढायचं, दोन्हीची बेरीज करून तिला २.०८ ने गुणायचं, उत्तर सागरी मैलात येतं. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

हिशोब सोपा पडावा म्हणून धरा की डोंगर अधिक मनोरा मिळून दिवा ८१ मीटरवर आहे आणि मी जहाजाच्या ब्रिजवर पाण्यापासून ९ मीटरवर उभा आहे. वर्गमूळं ९ आणि ३, बेरीज १२, गुणिले २.०८, म्हणजे जवळजवळ २५ सागरी मैल, ४६ किलोमीटर. आता हाच १३ मीटरचा मनोरा मिरामारच्या वाळूवर बांधला असता तर कसाबसा पावणेचौदा मैलांवरून दिसला असता. आणि आता भाचीला हे सांगा, डोंगरावरचा मनोरा दुप्पट उंच केला असता, १३ चा २६, तर किती फायदा झाला असता? दीड मैल. फक्त दीड मैल. एवढ्यासाठी कोण दुप्पट दगड वर चढवेल. मुंबईला प्राँग्जचं लाइटहाउस आहे, १८७५ चं, ते खडकांच्या टोकाला पाण्यातच उभं आहे, त्याच्या पाठीशी डोंगर नाही म्हणून त्याला स्वतःच उंच व्हावं लागलं.

उलट फार वर नेणंही धोक्याचं. दक्षिण आफ्रिकेत केप पॉइंटला पहिली बत्ती १८६० च्या सुमारास डोंगराच्या माथ्यावर बांधली, समुद्रापासून २४९ मीटर, आणि ती ढगात जायची. खाली समुद्रावर स्वच्छ हवा आणि वर दिवा धुक्यात गडप. १९११ मध्ये लुसितानिया नावाचं पोर्तुगीज प्रवासी जहाज तिथल्या बेलोज खडकावर फुटलं, त्यानंतर बत्ती खाली ८७ मीटरवर आणली. आग्वादला पावसाळ्यात ढग किती खाली उतरतात ते तुम्ही बघताच. त्यामुळे आग्वादची उंची ही कमी नाही, अगदी जिथे हवी तिथे आहे.

अजून एक. दिवसाही बत्तीचं काम असतं. जांभ्या डोंगरावर पांढरा मनोरा दिवसा लांबून ओळखू येतो, त्यावरून जहाज आपली दिशा घेतं. म्हणून तो चुन्याने पांढरा ठेवतात.

पागोळी
दर्यावर्दी काका, हा प्रतिसाद मी मुलाला वाचून दाखवला, त्याने लगेच कॅल्क्युलेटर काढला. 🙏

मांडवीकाठ
काका, खूप खूप आभार. "तिला उंची डोंगराने दिलीये" हे वाक्य मी भाचीला जसंच्या तसं सांगितलं.

अजून एक विचारते. नेटवर सगळीकडे एक वाक्य कॉपी होत आलंय की ही बत्ती सुरुवातीला सात मिनिटांतून एकदा प्रकाश टाकायची आणि १८३४ मध्ये बदल करून दर ३० सेकंदांनी टाकायला लागली. बांधली १८६४ ला आणि बदलली १८३४ ला? हे कसं शक्य आहे? आणि सात मिनिटं म्हणजे केवढा वेळ तो.

दर्यावर्दी
साल चुकलंय, त्यात शंकाच नको, बांधायच्या आधी तीस वर्षं कुणी काही बदलू शकत नाही. पण संथ आधी आणि वेगवान नंतर हा क्रम मात्र मला पटतो.

जुन्या बत्तीत भिंगांचा अख्खा पिंजरा दिव्याभोवती फिरायचा. फ्रेनेल या फ्रेंच माणसाने तशी भिंगं शोधली, १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआन बत्तीत पहिल्यांदा बसली, काचेच्या कड्यांच्या चकत्या एकात एक बसवलेल्या, त्यामुळे तेलाच्या साध्या ज्योतीचा प्रकाश चारी दिशांना वाया न जाता एका झोतात गोळा होतो. ही काच फार जड. ती फिरवायला घड्याळासारखं यंत्र, त्याला दोरीने लटकवलेलं वजन, वजन हळूहळू खाली उतरतं आणि यंत्र फिरतं, आणि ते तळाला पोचायच्या आत बत्तीवाल्याने हाताने गुंडाळून परत वर घ्यायचं, रात्रभर. जड काच रूळांवर जोरात फिरत नाही, म्हणून जुन्या बत्त्या संथ. पुढे १८९० च्या सुमारास फ्रान्समध्ये भिंगांचा पिंजरा पाऱ्याच्या पन्हळीत तरंगत ठेवायची युक्ती निघाली, मग टनभर काच बोटाने ढकलली तरी फिरायची.

सात मिनिटं हा वेळ केवढा ते सांगतो. आठ नॉटने, म्हणजे ताशी आठ सागरी मैलांनी, चाललेली बोट सात मिनिटांत पावणेदोन किलोमीटर पुढे जाते. म्हणजे एकदा दिवा दिसला, तुम्ही दिशा घेतली, परत दिसेपर्यंत तुम्ही पावणेदोन किलोमीटर आंधळे चाललात, आणि तेही नदीच्या तोंडाशी. ३० सेकंदांत तीच बोट सव्वाशे मीटर जाते. या फरकात माणसं जगतात.

आणि प्रत्येक बत्तीची वेळ वेगळी ठेवतात, ती तिची सही असते. स्टॉपवॉच घेऊन मोजायचं आणि यादीत बघायचं ही कुठली बत्ती. तरुणपणी रात्रीच्या वॉचला मी हे हजारो वेळा केलंय. आता जीपीएस आहे, पण यंत्र बंद पडलं की आजही डोळे किनाऱ्याकडेच जातात.

चिरेखाण
थोडं बांधकामाबद्दल लिहितो, मी सिव्हिल इंजिनिअर आहे, फोंड्याला काम असतं, जुन्या घरांच्या दुरुस्त्या करतो.

लोक तिला स्क्रूसारखी दिसते म्हणतात, आणि खरंच जाड बुंधा आणि भोवतीने वर चढत गेलेली कडी यामुळे ती पिळदार दिसते. पण तो आकार शोभेसाठी नाही. गोल भिंतीवरून वारा घसरून जातो, सपाट भिंतीवर तो थडकतो. अरबी समुद्राचं पावसाळी वारं तिच्यावर सरळ येतं, मधे एक झाड नाही. वरती दिव्याच्या खोलीचा काचेचा भाग आणि आतली जड भिंगं, ते सगळं जराही हललं तर झोत सरकणार, म्हणून खालचा भाग जाड आणि ठेंगणा असणं हे बांधणाऱ्याला सोयीचंच. काकांनी उंचीचं गणित मांडलं, हे त्याचं दुसरं अंग. उंची डोंगराकडून फुकट मिळतेय म्हटल्यावर त्याने आपला सगळा दगड मजबुतीला वापरला.

किल्ला चिऱ्यांचा. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, कोयत्याने तासता येतो, हवा लागली की कडक होत जातो. पण तो सच्छिद्र असतो, पाणी पितो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वरून खारं वारं. म्हणून त्याला चुन्याचा गिलावा लागतो. चुना श्वास घेतो, भिंतीत शिरलेलं पाणी उन्हाळ्यात बाहेर सोडतो. सिमेंट मारलं की पाणी आतच कोंडतं, मीठ आत साठतं आणि चिरा पावडर होऊन झडायला लागतो, बाहेरून प्लास्टर ठणठणीत आणि आत भुसा. अशी घरं मी दर वर्षी उघडतो आणि दर वर्षी तितकंच वाईट वाटतं. त्यामुळे आग्वादसारख्या वास्तूंना दर पावसाळ्यानंतर चुन्याचा हात मिळायला हवा, तेच त्यांचं औषधपाणी आहे. सध्या ती किल्ल्याबरोबर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे आणि आत चढू देत नाहीत, ते योग्यच आहे.

घंटानाद
बत्तीबरोबर घंटेची गोष्ट यायलाच हवी. पणजीच्या चर्चची जी मोठी घंटा आहे ना, पायऱ्यांच्या वर दर्शनी भागात मधोमध टांगलेली, ती काही काळ आग्वादला होती. मूळची ती जुन्या गोव्याच्या संत ऑगस्टीन मठाची. १८३५ मध्ये धर्मसंघ बंद केले, मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं. घंटा आग्वादच्या बत्तीकडे नेली आणि १८७१ मध्ये तिथून पणजीला आणली, तिच्यासाठी चर्चच्या माथ्यावर मधली कमान उभारली. गोव्यात आकाराने ती दुसरी, पहिली जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलची. मी रोज सकाळी ती ऐकतो आणि दर वेळी मनात येतं, मठ, मग समुद्र, मग शहर, केवढा प्रवास झालाय तिचा.

वेंगुर्लेकरीण
मी मूळ वेंगुर्ल्याची, लग्नानंतर म्हापशात. आग्वादला डचांसाठी किल्ला बांधला असं वर आलंय म्हणून लिहिते, ते डच आमच्याकडेच बसले होते. सतराव्या शतकात १६३७-३८ च्या सुमारास त्यांनी वेंगुर्ल्यात वखार घातली, तिचे अवशेष अजून आहेत, आणि तिथून ते गोव्याच्या नाकेबंदीवर लक्ष ठेवायचे. वर्षानुवर्षं डच जहाजं मांडवीच्या तोंडाबाहेर उभी असायची. म्हणजे माझं माहेर आणि सासर तेव्हा समोरासमोर होतं.

आमच्याकडे समुद्रात आत खडकाळ बेटं आहेत, वेंगुर्ला रॉक्स, त्यांच्यावर इंग्रजांच्या काळापासून बत्ती आहे. आग्वादची बत्ती शहरासमोर आहे, ही मात्र खरोखर एकटी. शेजारचे एक काका तिथे ड्युटीला होते. ते सांगायचे, होडी बेटाला लागायलाच कठीण, लाट वर आली की उडी टाकायची, चुकलं की संपलं. पावसाळा लागला की बदलीचा माणूस येईल तेव्हा येईल, तोवर डाळ-तांदूळ आणि पिण्याचं पाणी मोजून वापरायचं. घरी काही झालं तर निरोप यायला किती दिवस लागतील याचा भरवसा नाही. एक गोष्ट त्यांनी सांगितलेली माझ्या कायम लक्षात राहिली. दिवसा बत्तीवाल्याचं पहिलं काम काय, तर दिव्याच्या खोलीचे पडदे लावणं. मी म्हटलं का? तर म्हणाले, अगं ते भिंग रात्री आतला उजेड बाहेर फेकतं तसं दिवसा बाहेरचं ऊन आत गोळा करतं, पडदा लावायचा राहिला तर आग लागेल.

त्या बेटांच्या गुहांमध्ये पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे, लाळेने घरटी बांधणाऱ्या. त्या घरट्यांना बाहेरदेशी खायला मागणी, म्हणून चोरी व्हायची, मग पक्षीप्रेमींनी ती वाचवायला बरीच वर्षं घातली. माणसाला राहायला एवढी अवघड जागा, आणि पक्ष्यांना तीच सुरक्षित वाटली.

मांडवीकाठ
ताई, पडद्याचं वाचून अंगावर काटा आला. असली गोष्ट पुस्तकात सापडत नाही.

खोर्ली
माझे आजोबा गोवा मुक्तीच्या चळवळीत होते, आग्वादच्या तुरुंगात होते. तुरुंग खाली पाण्याकाठी, बत्ती वर डोंगरावर. ते म्हणायचे, कोठडीतून बत्ती दिसायची नाही पण पावसाळ्यात हवा धुरकट असली की झोत डोक्यावरून जाताना कळायचा, आणि त्यावरून ते रात्र मोजायचे. लोहियांना १९४६ मध्ये तिथेच ठेवलं होतं. चळवळीतले पुढारी त्रिस्ताँव ब्रागांझ कुन्हा यांना पण आग्वादलाच ठेवलं, मग लष्करी कोर्टाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालला पेनिशच्या किल्ल्यात पाठवलं. हा धागा वाचताना बघितलं तर पेनिशलाही समुद्रात घुसलेल्या टोकावर बत्ती आहे, काबो कार्व्होएरोची, १७९० ची. एका बत्तीखालून उचलून दुसऱ्या बत्तीजवळ नेलं माणसाला. आता तुरुंगाचं संग्रहालय झालंय, २०२१ पासून. आजोबा असते तर मी त्यांना घेऊन गेले असते.

गिरगावातला_गोंयकार
आम्ही मुंबईचे, पण मूळ गाव बार्देसात, लहानपणी मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीने पणजीला यायचो, कोकण सेवक आणि कोकण शक्ती या बोटी आठवतात. सकाळी निघायची, दिवसभर एकेक बंदर घेत, रात्र डेकवर चटई टाकून, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आई हलवून उठवायची, ऊठ, बत्ती दिसायला लागली. थंडगार वारं, डिझेलचा वास, सगळी माणसं एका बाजूला कठड्याला टेकून. आजी हात जोडायची आणि म्हणायची, "फारोल दिसलो म्हणजे घर पावलें." मला तेव्हा वाटायचं फारोल हे कुठल्यातरी देवाचं नाव असावं. तो पोर्तुगीज शब्द आहे हे खूप वर्षांनी कळलं.

पावसाळ्यात ती बोट बंद असायची. का बंद असायची ते मात्र तेव्हा कुणी सांगितलं नाही, खवळलेला समुद्र एवढंच.

बार्जवरचो
नमस्कार, बरेच दिवस नुसतं वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय. माझे वडील खनिजाच्या बार्जवर तांडेल होते, २०१२ ला खाणी बंद पडल्या तोवर. हा धागा त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले सगळं बरोबर आहे पण एक गोष्ट कुणी लिहिलेली नाही, बत्ती कशासाठी आहे तेच. मी म्हटलं समुद्रावरच्या जहाजांना गोवा दिसावा म्हणून. ते म्हणाले नाही, बारसाठी.

बार म्हणजे मांडवीच्या तोंडाशी असलेला वाळूचा दांडा. नदी वाळू आणते, समुद्र ती परत ढकलतो, आणि तोंडाशी पाण्याखाली तिचा उंबरठा तयार होतो. तो एका जागी राहत नाही, पावसाळ्यात तर दर आठवड्याला हलतो, आणि त्याच्यावर लाटा उभ्या फुटतात. मे सरला की बार्जला आग्वादवरून बाहेर पडता येत नाही. मग सगळ्या बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून आतल्या आत जुवारी नदीत उतरायच्या आणि तिथून मुरगावला. लांबचा आणि अरुंद रस्ता, पण बारपेक्षा बरा. गिरगावकर, तुमची बोट पावसाळ्यात बंद असायची त्यात या बारचाही मोठा वाटा. मुरगाव बंदर बाराही महिने चालतं आणि पणजी चालत नाही त्याचंही हेच कारण.

हे जुनं झालं असं समजू नका. जून २००० मध्ये रिव्हर प्रिन्सेस नावाचं जहाज कांदोळीच्या किनाऱ्यावर रुतलं ते बारा वर्षं तिथेच गंजत होतं, आग्वादवरून सरळ दिसायचं. जुलै २०१७ मध्ये लकी सेव्हन हे कॅसिनोचं जहाज मांडवीत शिरताना मिरामारला वाळूत बसलं. दोन्ही वेळा पावसाळा, दोन्ही वेळा वाळू.

वडील म्हणाले, रात्री बाहेरून येताना बत्ती डावीकडे धरायची, समोरच्या काठावरचा काबोचा डोंगर उजवीकडे, आणि मधल्या पाण्यातून भरतीच्या पाठीवर आत शिरायचं. बत्तीचा कोन जरा बदलला की समजायचं आपण वाळूकडे सरकतोय. लांबून घर दाखवण्यापेक्षा जवळ आल्यावर ती जास्त उपयोगी पडते. आणि म्हणूनच ती डोंगराच्या अगदी टोकाकडे आहे, नदी आणि समुद्र दोन्हीकडून दिसेल अशी.

दर्यावर्दी
बार्जवरचो, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. मी खोल पाण्याचा माणूस, आम्ही बत्ती ४० किलोमीटरवरून बघून पुढे जायचो. शेवटचे दोन किलोमीटर तुमच्या वडिलांसारख्या माणसांचे. माझ्या गणितात तेच राहिलं होतं.

जुनीपाने
१८६४ च का, याचंही खरं उत्तर आता मिळालं. जुनं गोवं राजधानी होतं तेव्हाही हाच बार ओलांडावा लागायचा, पण तेव्हा जहाजं ऋतू बघून यायची, पावसाळा संपल्यावर. वेळापत्रकाने चालणाऱ्या आगबोटी आल्या आणि रात्री-अपरात्री बार ओलांडायची पाळी आली तेव्हा दिव्याशिवाय भागेना.

पागोळी
नवीन बत्तीवर ठरावीक वेळेत चढू देतात, आम्ही गेलो होतो. २०२३ च्या सप्टेंबरात आग्वादलाच देशातला पहिला दीपगृह महोत्सव झाला तेव्हा गर्दी होती, एरवी शांत असतं. वरून खाली बघितलं तर पाण्याचा रंग दोन प्रकारचा दिसतो, एक गढूळ पट्टा आणि पलीकडे निळं. तेव्हा नुसतं सुंदर म्हणून फोटो काढला होता. तोच बार असणार का?

बार्जवरचो
गढूळ पाणी नदीचं. पट्टा जिथे संपतो तिथे लाटेची पांढरी रेघ दिसली असेल तर ती बारवरची. वडिलांना फोटो दाखवायचाय, इथे टाकाल का?

मांडवीकाठ
आज भाचीला परत घेऊन बसले आणि हे सगळं वाचून दाखवलं. तिने कागदावर डोंगर काढला, त्यावर छोटीशी बत्ती, खाली नदी आणि पाण्याखाली वाळूचा उंबरठा, आणि बार्ज आत शिरताना. मग म्हणाली, मावशी, आपण कायम चुकीच्या बाजूने बघितलं, ती तर पाण्यातल्या माणसांसाठी आहे. मला वाटतं तिचं बरोबर आहे. मी पन्नास वर्षं ती जमिनीवरून बघितली.

म्हणून ठरवतेय, पावसाळा संपून समुद्र शांत झाला की, नोव्हेंबरात, एक होडी ठरवून संध्याकाळी काबो आणि आग्वादच्या मधे जायचं आणि काळोख पडताना नवीन बत्ती पेटताना पाण्यावरून बघायची, जुनी तिच्या शेजारी दिसेलच. आठ-दहा जण मावतील अशी होडी बघते. कोण कोण येणार?

पागोळी
मी आणि मुलगा.

वेंगुर्लेकरीण
मी नक्की. खोर्ली ताई तुम्ही पण या, तुरुंगाची भिंत पाण्यातून कशी दिसते ते बघू.

खोर्ली
येते.

दर्यावर्दी
स्टॉपवॉच घेऊन येतो, मुलांना झोत मोजायला शिकवू.

बार्जवरचो
मी वडिलांना विचारलं. २०१२ नंतर ते पाण्यावर गेलेले नाहीत, मला वाटलं नाही म्हणतील. म्हणाले येतो, पण होडीवाल्याशी आधी माझं बोलणं करून द्या, आणि तारीख सुटी बघून नको, भरती बघून ठरवा, ओहोटीला बारकडे जायचं नाही.